घरी छापलेलं डेकूपाज कार्ड: वरचे थर खालच्या चित्रावर नेमके बसत का नाहीत?

रानजाई
नमस्कार मंडळी. डिजिटल फाईल विकत घ्यायची, घरी छापायची, कापायची आणि थरावर थर चढवून थ्रीडी शुभेच्छापत्र तयार करायचं, म्हणजेच डेकूपाज, याची मला हल्ली फार गोडी लागली आहे. कुणी हौशी आहे का इथे? एक अडचण सुटत नाहीये.

सध्या हातात असलेलं चित्र असं: कुंपणाच्या दांडीवर बसलेला निळा पक्षी, मागे पानांची गर्दी, पुढे रानफुलांचा गुच्छ. फाईलमध्ये दोन पानं आली. एक कार्डाच्या दर्शनी भागाचं, ते जेपीजी. दुसरं थरांचं, ते पीडीएफ. दोन्ही ए४ मापाची. दर्शनी पान छापून घडी घातली. थरांच्या पानावरून पक्षी कापला आणि खालच्या पक्ष्यावर नुसता ठेवून पाहिला. चोच जुळवली की शेपटी आखूड पडते, शेपटी जुळवली की चोच मागे राहते. खालच्या चित्राची पट्टी बाहेर डोकावतेच. चिकटवायला अजून घेतलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कापलेल्या कडेला कागदाचा पांढरा रंग दिसतो, त्याचं काय करता? आणि थरांमध्ये फोम बरा की सिलिकॉनचा गोंद? पण मुख्य प्रश्न मापाचा.

शाईदौत
प्रिंटर इंकजेट की लेझर? कागद किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे साधारण किती जाड)? आणि कापता कशाने?

रानजाई
इंकजेट. थरांसाठी १६० जीएसएम मॅट, कार्डासाठी २५०. बाहेरची कड लहान टोकदार कात्रीने, आतल्या फटी कटरने.

काठाकाठाने
अरे वा, आपल्या आवडीचा धागा! कापण्याबद्दल लिहितो, मापाचं जाणकार सांगतील.

चित्राच्या बाहेर किंचित पांढरं ठेवून कापायची सवय असेल तर ती आधी सोडा. रेघेच्या केसभर आतून कापायचं. एवढ्याने चित्र लहान झाल्याचं कुणाला दिसत नाही, पांढरी किनार मात्र लगेच दिसते. आतल्या फटी आधी आणि बाहेरची कड शेवटी. पाय आणि दांडी यांच्यामधली जागा, पानांमधली भोकं कापताना आजूबाजूला कागद असेल तर हाताला धरायला काहीतरी मिळतं. बाहेरून आधी मोकळं केलं की एवढासा पक्षी चिमटीत धरून आत कटर चालवणं म्हणजे पाय तुटलाच समजा.

कात्री फिरवू नका, कागद फिरवा. कात्रीचा हात एका जागी स्थिर, दुसरा हात कागद तिच्या तोंडात देत राहतो. वक्र पात्याची कात्री असेल तर पाकळ्यांच्या गोलाईला फार सोयीची. शिवाय पातं थोडं तिरकं धरायचं, म्हणजे कड वरून खाली आत जाते आणि कागदाची जाडी समोरून दिसतच नाही. पांढऱ्या कडेचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

निळीभोर
उरलेला निम्मा स्केचपेनने. :) जवळच्या रंगाचं पेन घ्यायचं, कागद उलटा धरायचा आणि पेनाची बाजू कडेवरून हलकेच ओढायची. उलटा धरायचा कारण पेन घसरलं तरी डाग मागे पडतो. दर वेळी नेमका तोच रंग लागतो असं नाही. करडा किंवा फिकट तपकिरी बहुतेक चित्रांना चालून जातो, सावलीसारखा दिसतो. काळा मात्र नको, चित्राला चौकट घातल्यासारखं होतं.

मोजपट्टी
मुख्य प्रश्नाकडे येतो. हा कापणीचा दोष नाही. कापणी चुकली असती तर एखाद्या बाजूला पट्टी दिसली असती. तुमच्याकडे एक टोक जुळवलं की दुसरं सरकतं, म्हणजे दोन चित्रांचं मापच वेगळं आहे. दोन पानं वेगवेगळ्या प्रमाणात छापली गेली आहेत.

छापताना ‘फिट’ किंवा ‘पानात बसवा’ असा पर्याय असतो. तो निवडला की प्रिंटर आपल्या मार्जिनमध्ये मावेल एवढं चित्र बारीक करतो. किती बारीक, ते प्रिंटरच्या मार्जिनवर ठरतं. त्याऐवजी ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडायचं. एक पान असं आणि दुसरं तसं छापलं तर थर कधीच जुळणार नाहीत. कागदाचं मापही तपासा. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी, लेटर म्हणजे साधारण २१६ × २७९. ए४ची फाईल आणि सेटिंग लेटरचं असेल, तर उंची मावण्यासाठी चित्र ९४ टक्क्यांच्या आसपास येतं.

एक करा. दोन्ही पानांवरचा पक्षी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा आणि आकडे इथे द्या.

पुष्कराज_के
पिरॅमिड डेकूपाजची फाईल तर नाही ना? त्यात तेच चित्र मुद्दाम लहान लहान होत जातं आणि एकावर एक चढतं.

मोजपट्टी
शंका रास्त आहे, पण पिरॅमिडमध्ये चित्र लहान होत नाही, चौकट लहान होते. आतलं चित्र त्याच मापाचं असतं, फक्त कडेकडेने कापत आणलेलं. म्हणून तिथेही वरचा तुकडा खालच्यावर तंतोतंत बसायला हवा. इथे तर पक्षी, पानं, फुलं सुटी आहेत, म्हणजे नेहमीचं टप्प्याटप्प्याचं डेकूपाज.

स्वरूपा_दि
कात्री, कटर, स्केचपेन... तुम्ही सगळे अजून हाताने कापता? कटिंग मशीन घ्या आणि मोकळे व्हा. आधी छापायचं, मग मशीन कोपऱ्यांतल्या खुणा वाचून कापतं. माझ्या बोटांना संधिवात आहे, तासभर कात्री धरणं शक्य नाही. मशीन आल्यापासून हा छंद मला परत करता येतोय.

काठाकाठाने
स्वरूपाताई, तुमच्यासाठी मशीन उत्तमच. पण सगळ्यांना तोच सल्ला देण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात. थरांचं पीडीएफ बऱ्याच मशीनना सरळ देता येत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा करून, पार्श्वभूमी काढून, पीएनजी करून घ्यावा लागतो, नाहीतर कापण्याच्या रेषांची एसव्हीजी फाईल सोबत असावी लागते. त्यात जाणारा वेळ कापण्याइतकाच. आणि चकचकीत कागदावर मशीनच्या सेन्सरला खुणा नीट वाचता येत नाहीत, मग काप एक-दोन मिमी सरकतो. पक्ष्याच्या पायाची जाडीच तेवढी असते.

शिवाय हाताने कापताना चित्र कळतं. कुठलं पान पुढे आहे, कुठलं मागे, फुलाचा देठ कुठून निघतो. थर चढवताना ते उपयोगी पडतं.

स्वरूपा_दि
पहिलं पटलं. दुसरं नाही पटलं. चित्र डोळ्यांनीही कळतं, त्यासाठी बोटं दुखवायला नकोत. मॅट कागद घेतला की खुणांचा त्रास मला होत नाही. एकदा तयार केलेली फाईल पुन्हा वापरता येते, दहा कार्डं करायची तर पहिल्या कार्डालाच काय तो वेळ.

निळीभोर
दहा कार्डांसाठी मशीन, एका कार्डासाठी कात्री. दोघांना मान्य?

काठाकाठाने
मान्य.

स्वरूपा_दि
एकासाठीही मशीनच. पण चालू द्या. :)

तळटीप
थोडं विषयांतर करते. कापून चिकटवण्यासाठीच छापलेली पानं ही काही आजची गोष्ट नाही. १८व्या शतकात व्हेनिसमध्ये ‘लाका पोवेरा’ नावाचा प्रकार होता. अस्सल पौर्वात्य लाखकाम परवडत नसे, म्हणून छापील चित्रं कापून लाकडी सामानावर चिकटवायची आणि त्यावर वार्निशचे हात मारत जायचं, इतके की बोटाला चित्राची कड लागू नये. इटलीतल्याच बसानो गावच्या रेमोंदिनी या छापखान्याची अशी चित्रांची पानं या कामासाठी वापरली जात. म्हणजे चित्रकार एक, छापणारा दुसरा आणि कात्री आपली, ही वाटणी जुनीच आहे. आता छापणारेही आपणच झालो, एवढाच फरक.

मेरी डिलेनी या इंग्रज बाई तर मला फार आवडतात. जन्म १७०० चा. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी रंगीत कागद कापून फुलझाडांची चित्रं करायला सुरुवात केली. काळ्या पार्श्वभूमीवर पाकळी, पुंकेसर, पानावरची शीर, सगळं कागदाचं. एकेका चित्रात शेकड्यांनी तुकडे. १७८२च्या सुमारास नजर अधू झाली म्हणून थांबल्या, तोवर हजाराच्या जवळपास चित्रं झाली होती. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोठी करून पाहता येतात. जरूर पाहा. पाकळीवरची सावली रंगवलेली नाही, गडद कागदाची चिंधी वर चिकटवलेली आहे, हे लक्षात येतं तेव्हा थक्क व्हायला होतं.

शाईदौत
सुंदर माहिती, तळटीप. धन्यवाद.

शाईबद्दल लिहायचं राहिलं. इंकजेटमध्ये दोन जातीची शाई असते, डाय आणि पिगमेंट. डायचे रंग तजेलदार, पण ओलसर बोट लागलं की पसरतात. पिगमेंट पाण्याला बरीच टिकते. बऱ्याच घरगुती प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट आणि रंगीत डाय असते, त्यामुळे काळी अक्षरं टिकली म्हणून रंगही टिकतील असं धरू नका. छापल्यावर पान निदान काही तास मोकळं पसरून ठेवा, मगच कात्री लावा. हाताला घाम येत असेल तर तळहाताखाली कोरा कागद ठेवा.

लेझरला पाण्याची भीती नाही, पण टोनर, म्हणजे त्याची पूडशाई, कागदावर थरासारखा बसतो. घडीवर तडकतो आणि पाकळी वळवली की तिथेही. म्हणून घडीच्या रेघेवर गडद रंग असेल तर इंकजेटच बरा.

आणि प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा. मॅट कागद घालून सेटिंग साध्या कागदाचं ठेवलं तर रंग फिके येतात, मग लोक फाईलला नावं ठेवतात. जाड कार्ड मागच्या ट्रेमधून घाला. पुढच्या ट्रेमधला कागद आत गिरकी घेऊन बाहेर येतो, २५० जीएसएमला ते झेपत नाही.

चांदणवेल
सगळं वाचतेय. नवीनच आहे. फोम की सिलिकॉन याचं उत्तर कुणीच दिलं नाही अजून!

निळीभोर
फोम. दोन्ही बाजूंनी चिकट, १, २, ३ मिमी अशा जाड्यांमध्ये मिळतो, सगळीकडे सारखी उंची, वाळायची वाट बघायला नको. मोठ्या तुकड्याला कडेच्या दोन-तीन मिमी आत आणि मध्येही एक तुकडा, नाहीतर पोट आत बसतं. कडांचा चिकटपणा धूळ धरतो, तिथे ब्रशने जराशी टाल्कम पावडर फिरवायची.

काठाकाठाने
सिलिकॉन. निळीभोर, तुमच्या फोमवर पक्षी सपाट उभा राहतो, उंच पण सपाट. सिलिकॉनचा लहानमोठा थेंब देऊन डोकं वर आणि शेपटी खाली असा उतार देता येतो. टेकवल्यावर पाच-दहा मिनिटं सरकवून जागा नीट करता येते. फोम एकदा टेकला की टेकला.

पद्धत सांगतो. तुकडा पालथा ठेवायचा, मऊ रबरी मॅटवर. गोल टोकाच्या दाभणीने मागून हलक्या हाताने गोल गोल फिरवत पोटाकडे खोलगट करायचं, पंखाची पिसं एकेक करून खाली ओढायची. मग सुलटा केला की पक्षी फुगलेला दिसतो. त्या पोकळीत मटारएवढा थेंब, शेपटीखाली त्याच्या पाव. चिमट्याने उचलून खाली सोडायचा, दाबायचं नाही. दाबला की उंची गेली आणि गोंद कडेने बाहेर. वरून नाही, टेबलाच्या पातळीवर डोळे आणून बघायचं की खाली हवा किती आहे. पक्कं वाळायला एक दिवस द्यायचा.

पांढरा गोंद मात्र थरांमध्ये नको. पाण्याने कागद लहरतो आणि उंचीही मिळत नाही.

निळीभोर
उताराचं मान्य. पण १ मिमी फोमचे डोक्याखाली दोन तुकडे आणि शेपटीखाली एक लावला की फोमनेही उतार येतो. खालचे मोठे थर फोमवर, शेवटचा सिलिकॉनवर, असं मी करते. खाली पक्का पाया असेल तर वरचा थर हवा तसा वळवता येतो.

चांदणवेल
आणि थर किती असावेत? एका फाईलमध्ये सात आहेत.

तळटीप
सात असले तरी सगळे लावायलाच हवेत असं नाही. माझं ठाम मत आहे की तीन, फार तर चार थर पुरतात. खोली थरांच्या संख्येने येत नाही, काय पुढे आणलं यावरून येते. रानजाई यांच्या चित्रात मागची पानं छापील सपाटच ठेवावीत, दांडी थोडी वर, पक्षी त्याच्या वर आणि फुलांचा गुच्छ सगळ्यात पुढे. पानं, दांडी, पक्षी, फुलं सगळं सारखंच वर आणलं तर पुन्हा सपाट दिसतं, फक्त जाड.

मधुरा_सा
शिवाय पाकिटाचा विचार कुणी करायचा? चार थर, मध्ये २ मिमी फोम, म्हणजे ६ मिमी फोमचेच झाले. असं कार्ड साध्या पाकिटात घातलं की पाकीट फुगतं आणि टपालात दाबलं जातं. मी उथळ खोक्यासारखं पाकीट त्याच कार्डस्टॉकचं करते. कार्डाच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला २ मिमी जास्त, बाजूच्या भिंती १० मिमी उंच, त्यावर झाकण. घडीच्या रेघा शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीला टेकवून आधी दाबून घ्यायच्या, मग जाड कागद सरळ रेघेत दुमडतो. ए४ अर्ध्यात दुमडलेलं कार्ड ए५ होतं, १४८ × २१० मिमी, त्याला सी५ पाकीट चालतं, पण ते सपाट कार्डाला. हातात द्यायचं असेल तर प्रश्नच नाही.

पुष्कराज_के
एक वेगळीच शंका. आवडलेली फाईल मैत्रिणीला पाठवली तर? ती आपल्या घरी छापेल.

शाईदौत
नाही पाठवायची. फाईल विकत घेतली म्हणजे वापरायची परवानगी घेतली, चित्र चित्रकाराचंच राहतं. बरेच कलाकार हाताने पूर्ण केलेली कार्डं विकायला परवानगी देतात, पण फाईल वाटायला किंवा छापलेली पानं विकायला नाही. कुणी फक्त स्वतःच्या वापरापुरती देतात. फाईलसोबत अटींचं पान असतं, ते वाचा. मैत्रिणीला तयार कार्ड द्या, ते तिला जास्त आवडेल.

रानजाई
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! मोजपट्टी, आकडे घ्या. दर्शनी पानावरचा पक्षी ९३ मिमी, थरांच्या पानावरचा ९०. पीडीएफ १०० टक्क्यांनीच छापलं आहे, ते पुन्हा तपासलं. दर्शनी पानाला कडेपर्यंत रंग हवा म्हणून ते फोटोच्या ॲपमधून, बॉर्डरलेस छापलं होतं.

मोजपट्टी
सापडलं! बॉर्डरलेसमध्ये कडेला पांढरी चीर राहू नये म्हणून प्रिंटर चित्र थोडं मोठं करतो आणि जास्तीचं कागदाबाहेर सोडून देतो. म्हणजे तुमचा खालचा पक्षी सुमारे तीन टक्के वाढला आणि थर मूळ मापाचे राहिले. तीन टक्के ऐकायला कमी वाटतात, पण ९० मिमीवर जवळजवळ ३ मिमी होतात आणि तेवढी पट्टी शेपटीपाशी ठळक दिसणारच.

उपाय दोन. सोपा म्हणजे थरांचं पानही त्याच सेटिंगने, बॉर्डरलेसच छापा. दोन्ही सारखेच वाढतील. पण आधी पानाच्या कडेजवळ एखादा तुकडा नाही ना ते बघा, तो कापला जाईल. दुसरा, मला जास्त पसंत: दर्शनी पान बॉर्डर ठेवून १०० टक्के छापायचं आणि कडेची पांढरी पट्टी कापून टाकायची. कार्ड थोडं लहान होतं, पण थर मूळ मापालाच बसतात. जेपीजी फोटोच्या ॲपमधून न छापता कोऱ्या ए४ दस्तऐवजात टाकून, रुंदी २१० मिमी आकड्याने भरून, त्याचं पीडीएफ करा. मग दोन्ही पानं एकाच प्रोग्रॅममधून, एकाच सेटिंगने.

काही प्रिंटरमध्ये बॉर्डरलेसखाली वाढीचं प्रमाण कमी करायची पट्टी असते. ती किमान करून ठेवली तरी फरक बराच कमी होतो, शून्य होईलच असं नाही.

काठाकाठाने
छापलेलं दर्शनी पान टाकून देऊ नका. कापलेले थर बाजूला ठेवा आणि थरांचं पान बॉर्डरलेस छापून परत कापा. कार्ड स्टॉक वाया जाण्यापेक्षा १६० जीएसएमचं एक पान परवडलं.

रानजाई
तसंच केलं! थरांच्या पानाला चहूबाजूंनी जागा होती, म्हणून बॉर्डरलेस छापलं. नवा पक्षी न कापताच खिडकीच्या काचेवर दोन्ही पानं एकावर एक धरून पाहिली. चोच चोचीवर, शेपटी शेपटीवर. आता कापायला बसते. फुलं सिलिकॉनवर, दांडी फोमवर, आणि पानं सपाट, तळटीप म्हणतात तसं.

चांदणवेल
काचेवर धरून बघायचं हे फार आवडलं. कापण्याआधीच कळतं. फोटो टाका हं झाल्यावर.

मधुरा_सा
आणि पाकिटाचा पण! भिंतीची उंची वाळल्यानंतर मोजा, ओल्या सिलिकॉनवर मोजू नका. वाळताना थर जरा खाली बसतो.